स्वस्तात परदेशवारी: जळगाव, धुळे, नंदुरबारकरांसाठी

तापीकाठ (जळगाव)

पेपरात हल्ली टूरवाल्यांच्या जाहिराती रोजच असतात. व्हिएतनाम अमुक हजारांत, थायलंड तमुक हजारांत. खाली बारीक अक्षरांत असतं: मुंबई ते मुंबई, व्हिसा वेगळा, दुपारचं जेवण वेगळं, टिप वेगळी. या सगळ्या 'वेगळ्या'ची बेरीज करून बघा, बऱ्याचदा स्वतः आखलेली सहल त्यापेक्षा स्वस्तात पडते. म्हणून हा धागा काढला. आपल्याकडून निघणाऱ्याने पैसे कुठे राखायचे ते इथे लिहीत जाऊ.

माझं मत आधीच सांगून टाकते, पटलं नाही तर भांडा. लोक हॉटेलात दोनशे रुपये वाचवायला संध्याकाळच्या संध्याकाळ मोबाइलवर घालवतात. हॅनोईच्या जुन्या भागात दीड-दोन हजारांत दोघांची स्वच्छ खोली मिळते, ती घ्या आणि विषय संपवा. खरा पैसा गळतो तो घर ते विमानतळ या पट्ट्यात, बॅगेच्या वजनात आणि कार्डाच्या मशीनवर.

आधी पहिली गळती. जळगावहून मुंबईला स्पेशल गाडी केली की डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता आणि त्याच्या रिकाम्या परतीचं भाडं, सगळं आपल्याच डोक्यावर. जाऊन-येऊन हिशेब केला तर बँकॉकच्या एका तिकिटाएवढी रक्कम रस्त्यातच संपते. त्यापेक्षा रात्रीची रेल्वे धरा. विदर्भ, अमरावती, सेवाग्राम या गाड्या विदर्भातून निघतात, त्यामुळे बऱ्यापैकी वेळेवर असतात. उत्तरेकडून येणाऱ्या गाड्यांचा थंडीत भरवसा धरू नका. धुकं पडलं की सगळं वेळापत्रक कोलमडतं.

सीएसएमटीला उतरलात की तिथूनच मेट्रो ३ मिळते आणि ती थेट विमानतळाच्या टी-२ (टर्मिनल २) ला जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये हा मार्ग कफ परेडपर्यंत पूर्ण झाला, त्यामुळे आता स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याशी घासाघीस करायची गरज उरली नाही. फक्त मेट्रो रात्रभर चालत नाही. विमान पहाटे तीनचं असेल तर रात्री दहाच्या आत टर्मिनल गाठायचं आणि तिथेच बसायचं. हातात तिकीट असलं की आत सोडतात, खुर्च्या बऱ्या आहेत, पाणी फुकट आहे. खायचं मात्र घरून न्या.

बॅग आणि कार्डाचं इथल्या जाणकारांनी लिहावं. मी मधूनमधून भर टाकते.

केळीबाग (रावेर)

हाव ताई, गाडीचं शंभर टक्के खरं.

बॅगेचं मी सांगतो. स्वस्त विमान कंपन्यांच्या तिकिटात बहुतेक वेळा फक्त हातातली बॅग धरलेली असते, ७ किलो. चेक-इनचं सामान लागणारच असेल तर ते तिकीट काढतानाच घ्यायचं. काउंटरवर उभं राहून घेतलं तर दुपटी-तिपटीने पैसे मोजावे लागतात. आमच्याकडे शेतात हातात धरायचा ताणकाटा आहे, बॅग त्यालाच टांगतो. ६ किलो ८०० भरली की बास, त्यात आणखी काही कोंबायचं नाही. नवीन चाकाची बॅग रिकामीच अडीच किलो भरते हे कोणी लक्षात घेत नाही. पाठीवरची कापडी सॅक घ्या, एक-सव्वा किलो तिथेच वाचतं. जाड बूट आणि जर्किन अंगावर घालून चढायचं.

भुसावळ जंक्शन

सगळा जन्म रेल्वेत गेला, म्हणून एक खबरदारी सांगतो. सकाळी सीएसएमटीला पोहोचणारी गाडी आणि त्याच सकाळचं विमान अशी जोडी कधीही लावू नका. गाडी बिघडायची तर नेमकी त्या रात्री कसारा घाटात बिघडते. रात्रीच्या विमानाला सकाळची गाडी, हा माझा नियम. मधला दिवस मुंबईत काढा, सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये टाका. त्यासाठी बॅगेला कुलूप लागतं, ते घरून न्या.

आणि सीएसएमटीपर्यंत जायलाच हवं असं नाही. तुमची गाडी दादर किंवा ठाण्याला थांबत असेल तर तिथे उतरून लोकलने घाटकोपर गाठा. घाटकोपरहून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे मेट्रो ३ ला बदला, की पुढचंच स्टेशन टी-२. धुळेकरांना मुंबईची एक्स्प्रेस आहेच, त्यांनाही हेच सोयीचं.

नंदुरबारी मिरची

सगळे मुंबई मुंबई करताय, पण आम्हाला सुरत जवळ. नंदुरबारहून ताप्ती लाइनने चार तासांच्या आत-बाहेर सुरत. तिथून शारजाला विमान आहे, बँकॉकचंही डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालं. वेळापत्रक बदलत असतं, म्हणून तारीख ठरवायच्या आधी मुंबई आणि सुरत दोन्हीकडचे दर बघा. तिकीट हजार-दीड हजार महाग दिसलं तरी मुंबईची ये-जा आणि मधला खर्च वजा केला की अमळनेरपासून पुढच्या माणसाला सुरतच परवडतं. विमानतळ छोटा आहे, रांगा कमी. म्हातारी माणसं सोबत असतील तर हा फरक फार मोठा असतो.

तापीकाठ

मिरची, हे भारी. अमळनेर, दोंडाईचा, शिंदखेडावाल्यांनी नोंद घ्या.

सातपुडा

कार्डाचं मी लिहितो, बँकेतच आहे.

आपलं साधं क्रेडिट कार्ड परदेशात घासलं की बँक सहसा साडेतीन टक्के मार्कअप (चलन बदलून देण्याचं शुल्क) लावते, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. एकूण झाले ४.१३ टक्के. पन्नास हजार खर्च केलेत तर २,०६५ रुपये नुसते चलन बदलायचे. शून्य मार्कअपची कार्डं मिळतात, काही बँकांची डेबिट कार्डंही तशी आहेत. निघायच्या महिनाभर आधी अर्ज करा आणि ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. ते बंद असल्यामुळे कार्ड चालत नाही आणि माणूस परक्या देशात घाबरतो, असे फोन मला दर सुट्टीत येतात.

आता याहून मोठी गळती. व्हिएतनाममधल्या दा नांगच्या दुकानात तुम्ही कार्ड दिलं. मशीनच्या पडद्यावर दोन आकडे येतात, एक डाँगमध्ये (तिथलं चलन) आणि एक रुपयांत. दुकानदार हसून रुपयांच्या आकड्यावर बोट ठेवतो. आपल्यालाही बरं वाटतं, किती गेले ते लगेच कळलं. तिथेच फसतो आपण. त्या रुपयांच्या आकड्यात मशीनवाल्या कंपनीने स्वतःचा दर लावलेला असतो आणि तो चार-सहा टक्के, कधी त्याहूनही महाग असतो. कायम तिथलंच चलन निवडायचं. दुकानदाराने न विचारता रुपयांचं बटण दाबलं असेल तर पावती बघा, त्यावर आयएनआर छापलेलं असेल. व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा, करतात ते.

एटीएमवरही हेच. मशीन 'कन्व्हर्जन स्वीकारा' म्हणेल, नाकारायचं. नाकारलं तरी पैसे निघतात, फक्त दर तुमच्या बँकेचा लागतो. थायलंडात परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त कापतात, म्हणजे सहाशे रुपयांच्या आसपास. तेव्हा तिथे थोडे थोडे काढायची सवय सोडा, एकदाच काय ते काढा.

वांग्याचं भरीत

सातपुडा भाऊ, मग रोख न्यायचीच नाही का? आमचे दाजी तर म्हणतात डॉलर खिशात असले की माणूस राजा.

सातपुडा

दाजींचंही बरोबर आहे. थोडे डॉलर हवेतच, विमानतळावर कोणी विचारलं तर दाखवायला आणि कार्ड रुसलं तर वापरायला. फक्त ते आपल्या विमानतळावरच्या काउंटरवर घेऊ नका, तिथला दर सगळ्यात वाईट. जळगावात बँकेकडून किंवा परवानाधारक फॉरेक्सवाल्याकडून आधी घ्या. नोटा कोऱ्या करकरीत मागा, चुरगळलेल्या किंवा शाईचा ठिपका असलेल्या नोटेला तिकडे दर कमी देतात. डॉलरचे डाँग करायला हॅनोईत सोनारांच्या पेढ्यांचा दर चांगला म्हणून लोक तिथे जातात, पण परवाना नसलेल्या पेढीवर चलन बदलणं तिथे बेकायदा आहे. बँकेतच जा.

नेपाळला जाणाऱ्यांना हा सगळा व्याप नाही. आपला एक रुपया म्हणजे १.६० नेपाळी, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. यूपीआयही बऱ्याच दुकानांत चालतं.

तापीकाठ

व्हिएतनामच्या नोटांचं राहिलं. २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० चीही निळीच. रात्री टॅक्सीत, पिवळ्या दिव्याखाली, दोन्ही सारख्याच दिसतात. पाच लाखांची नोट पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि द्यायच्या आधी शून्यं मोजा. किंमत समजायला सोपी युक्ती: शेवटची तीन शून्यं खोडायची आणि उरलेल्या आकड्याला साडेतीनने गुणायचं. एक लाख डाँग म्हणजे साडेतीनशे रुपये. नेमका दर थोडा खाली-वर होतो, पण बाजारात घासाघीस करायला एवढं पुरतं. टॅक्सी रस्त्यावर हात करून थांबवण्यापेक्षा ग्रॅब ॲपवरून बोलवा, आकडा आधीच ठरलेला असतो.

शिरपूरची लेक

व्हिसाबद्दल कोणीच बोललं नाही! व्हिएतनामचा ई-व्हिसा सरकारी साइटवर २५ डॉलरला मिळतो, एकदाच आत जायचा. अनेकदा ये-जा करायचा असेल तर ५० डॉलर. ऑगस्ट २०२३ पासून मुदतही ९० दिवसांपर्यंत आहे. पण गुगलवर शोधलं की वरच्या तीन-चार साइट दलालांच्या निघतात. दिसायला अगदी सरकारी, झेंडा बिंडा लावलेला. दुप्पट-तिप्पट पैसे घेतात आणि भरतात तोच फॉर्म. पत्त्याचा शेवट 'डॉट जीओव्ही डॉट व्हीएन' असेल तीच खरी.

थायलंडचंही असंच आहे. मे २०२५ पासून तिथे जायच्या आधी डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, ते फुकट आहे. मलेशियाचंही कार्ड फुकट. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. थायलंड, मलेशियाला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण किती दिवस राहता येतं हे नियम बदलत असतात. तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाच्या साइटवर बघून घ्या.

आणि बायांसाठी खास. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच्या तसं तिकिटावर आणि व्हिसावर. आपल्याकडे पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, तिकीट काढताना ते गाळलं जातं. माहेरचं आडनाव आधारवर, सासरचं पासपोर्टवर, असा घोळ तर घरोघरी. तिकिटावरचं नाव नंतर दुरुस्त करायला विमान कंपनी पैसे घेते, कधी कधी नवीनच तिकीट काढावं लागतं.

केळीबाग

ताई, पासपोर्टच नसेल तर?

शिरपूरची लेक

मग जळगावला पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र. साधा ३६ पानी पासपोर्ट १,५०० रुपये. तत्काळचे वरचे २,००० उगाच घालवू नका, सहा महिने आधी विचार करा म्हणजे झालं. ज्यांच्याकडे पासपोर्ट आहे त्यांनी त्याची मुदत बघा, परतीनंतरही सहा महिने शिल्लक हवी.

धुळेकर काका

पोरांनो, तुमचं सगळं वाचलं. पण मी मात्र टूरनेच जाणार. माझं वय सत्तरीच्या पुढे, मंडळींना मधुमेह. परक्या गावात रात्री अकराला खोली सापडत नाही म्हणून फिरायची ताकद आता नाही. टूरवाला चार पैसे जास्त घेतो, पण व्हीलचेअर सांगून ठेवतो, सकाळी चहा मिळतो, बोलायला माणसं मिळतात. तुमच्या हिशेबात याला किंमत धरली का?

तापीकाठ

काका, बरोबर आहे तुमचं, माझ्या हिशेबात हे नव्हतं. तुम्ही टूरनेच जा. फक्त पैसे भरायच्या आधी त्याच्याकडून लेखी घ्या: विमान थेट आहे की मध्ये आठ तास बसायचं, हॉटेल गावात आहे की गावाबाहेर, 'ऐच्छिक' सहलींचे किती आणि त्या नको असतील तर बस तुम्हाला खोलीवर सोडणार की पार्किंगमध्ये बसवून ठेवणार. दुकानांत किती वेळ नेणार हेही विचारा. मोती आणि लेटेक्सच्या गाद्यांच्या शोरूममध्ये अर्धा दिवस जातो, ते स्वस्त टूरचं खरं भाडं असतं.

सातपुडा

काकांसाठी आणखी एक. परदेशी टूर पॅकेजवर टूरवाला टीसीएस नावाचा कर आधीच घेतो. तो खर्च नसून तुमच्या पॅनवर जमा झालेला कर असतो. रिटर्न भरताना वळता करून घ्या किंवा परत मागा. कर लागत नाही म्हणून रिटर्नच न भरणारे पुष्कळ जण हे पैसे सोडून देतात.

धुळेकर काका

हे कोणी सांगितलंच नव्हतं! आमच्या सीएला आजच फोन लावतो.

वांग्याचं भरीत

खाण्याचं बोला राव. आम्ही शुद्ध शाकाहारी. व्हिएतनाममध्ये प्रत्येक गोष्टीत माशाचं पाणी असतं म्हणे.

शिरपूरची लेक

फिश सॉस असतो, नुसत्या भाजीतसुद्धा. पण तिथे बौद्ध शाकाहारी खानावळी भरपूर. पाटीवर 'chay' (चाय, म्हणजे शाकाहारी) लिहिलेलं शोधायचं. प्रतिपदेला आणि पौर्णिमेला तिथली पुष्कळ माणसं शाकाहारी जेवतात, त्या दिवशी तर या खानावळी भरून जातात. ताटभर भात, टोफू, दोन-तीन भाज्या, दीडशे-दोनशे रुपयांत पोट भरतं. भारतीय हॉटेलात त्याच जेवणाला चौपट जातील आणि पनीर रबरासारखं.

घरून न्यायचं म्हणाल तर दशम्या. दुधात भिजवलेल्या, दोन-तीन दिवस आरामात टिकतात. कळण्याची भाकरी नेऊ नका, दुसऱ्या दिवशी दगड होते. शेव न्या, आणि शेवभाजीचा मसाला परतून कोरडा करून पुडी बांधा. खोलीत केटल असते, वाडग्यात मसाला, वरून उकळतं पाणी, शेव, झाली भाजी. केटलीच्या आत मसाला टाकू नका, दुसरा कोणी त्यात चहा करणार आहे. आणि हा मसाला वेगळा करा, नेहमीचा खोबऱ्याचा नको. सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून हातातल्या आणि चेक-इनच्या, दोन्ही बॅगांतून काढून टाकतात. लोणचं, तूप, ठेचा हातातल्या बॅगेत नेऊ नका, सुरक्षेच्या रांगेत काढून घेतात.

भुसावळ जंक्शन

ठेचा काढून घेतला तर त्या माणसाच्या घरी रात्री काय झालं असेल याचा विचार करतोय.

केळीबाग

😂 आपला ठेचा आहे तो, साधासुधा नाही.

विषय निघालाच आहे तर विचारतो, तिकडे मोटरसायकल भाड्याने घेणं स्वस्त पडतं का? उत्तर व्हिएतनाममधल्या 'हा जियांग'च्या घाटाचे व्हिडिओ बघून पोरगा मागे लागलाय.

नंदुरबारी मिरची

स्वस्त पडतं, पण व्हिएतनामात आपला परवाना चालत नाही. आपल्या आरटीओतून हजार रुपयांत मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या करारातला, आणि व्हिएतनाम मानतं १९६८ च्या करारातला. पोलिसाने धरलं तर दंड, आणि पडलात तर प्रवास विमा 'विनापरवाना चालवत होता' म्हणून हात वर करतो. हाड मोडलं की सगळं बजेट तिथेच गेलं. हा जियांगला तिथला चालक घेऊन मागे बसता येतं, पोराला तसंच पाठवा. थायलंडात मात्र आपला आंतरराष्ट्रीय परवाना चालतो, पण इथल्या लायसन्सवर मोटरसायकल असायला हवी, नुसती चारचाकी नाही.

आणि विमा घ्याच. आशियातल्या आठवड्याभराच्या सहलीला काही शे रुपयांत मिळतो.

कापूसवाला (पारोळा)

उशिरा आलो. सगळे आशियाचंच बोलताय, मुलीला युरोप बघायचाय. बजेटमध्ये होतं का?

सातपुडा

होतं, पण सुरुवातच जड. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो, त्यावर व्हिसा सेंटरचं सेवाशुल्क, ३०,००० युरोचा विमा आणि बोटांचे ठसे द्यायला मुंबईची खेप. व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. इतकं करून जायचं तर एका देशात आठवडाभर थांबा, पाच देश धावत बघू नका. युरोपात पैसा जातो तो एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्यात.

कापूसवाला

आणि कधी जावं? आमचा हात मोकळा होतो तो कापूस विकला की, जानेवारी-फेब्रुवारीत.

तापीकाठ

भाऊ, युरोपला त्या दिवसांत कडाक्याची थंडी आणि दिवस छोटा, पण तिकीट आणि खोल्या उन्हाळ्यापेक्षा स्वस्त. मुलीला संग्रहालयं, चर्च, जुनी शहरं बघायची असतील तर चालेल. डोंगर आणि फुलं बघायची असतील तर नाही.

व्हिएतनाम धरलंत तर जानेवारी-फेब्रुवारीत तेत येतो, त्यांचं नवीन वर्ष. चांद्र पंचांगाने येतो म्हणून तारीख दर वर्षी सरकते. त्या आठवड्यात निम्मी दुकानं बंद, बस-रेल्वे भरलेल्या आणि भाडी चढलेली. तो आठवडा टाळून पुढे-मागे जा. मध्य व्हिएतनाम, म्हणजे दा नांग आणि होई आन, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुराच्या पाण्यात असतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तिथलं बुकिंग करू नका. दिवाळीत आपल्याकडची विमानंही महागच असतात.

थायलंडला जानेवारीत हवा सगळ्यात छान, म्हणूनच दर सगळ्यात जास्त. मार्चच्या सुरुवातीला ऊन वाढतं, पण आपल्याला उन्हाचं काय कौतुक.

कापूसवाला

मार्च जमेल. सुरतहून बघतो मग, आम्हाला अमळनेर जवळच. मिरची ताई की भाऊ, सुरत स्टेशनहून विमानतळाला काय मिळतं?

नंदुरबारी मिरची

ताई. रिक्षा नाहीतर ॲपवरची टॅक्सी. विमानतळ डुमस रस्त्याला आहे, स्टेशनहून दहा-बारा किलोमीटरच्या पुढे. स्टेशनच्या दारातला रिक्षावाला तोंडाला येईल ते सांगतो, आधी ॲपवर भाडं बघा आणि मग त्याच्याशी बोला.